बोंडाची सावली

शुक्रवार, संध्याकाळ

मले अजून राग येऊन राह्यला. ग्राफिक्सच्या तासासाठी तर मी शाळा बुडवत नाही! तीन तास बसून कॉम्प्युटरवर कापसाचं बोंड काढलं. त्याची सावली तर अशी जमली, की बोंड उचलून घ्यावंसं वाटे. सरांनी ते शाळेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर घेतलं. मी किती खूश! अन् आज छापायच्या आधी सरांनी सावलीच पुसली. काऊन? तर म्हणे, "पोरी, शुभेच्छांच्या फ्लेक्सवर काळं बरं दिसत नाही." आता बोंड हवेत लटकून राह्यलं. ते काय फुगा आहे?

उद्या फ्लेक्स चौकात लागन. उन्हात त्याचीही सावली रस्त्यावर पडन, काळीच. पुसा म्हणा आता ती!