विचारलं म्हणून

सोमवार, ३ मार्च २०२५. दुपारी ३.१०
चिखलोलीत, हातगाडीवर. शिलाई मशीनला तेल घालून झालं, गिऱ्हाईक नाही म्हणून लिहितोय. सकाळी नगरपालिकेच्या ऑफिसात परवान्याचा अर्ज दिला. दोनदा कच्चा, मग पक्का. जागेचा नकाशाही काढून जोडला.
शेजारचे इस्त्रीवाले तुकारामकाका म्हणाले, "आठ वर्षं उभा आहे इथं, कुणाला विचारलं नाही. तुलाच कुठं खाज आली?"
मला चोरून धंदा करायचा नाही.

बुधवार, १९ मार्च
नोटीस. 'आपल्या अर्जावरून आपण विनापरवाना व्यवसाय करीत असल्याचे दिसते.' सोबत माझाच नकाशा! काकांना नोटीस नाही. त्यांचा कागदच नाही ना कुठे.
कारकून म्हणाला, "नवीन परवाने बंद आहेत."
कधीपासून?
"मी लागलो त्याच्या आधीपासून."

सोमवार, २४ मार्च
पालिकेच्या माणसांनी गाडी उचलली. मशीन गेलं. खणात गिऱ्हाइकांच्या पाच पँटी, त्याही गेल्या. काकांची इस्त्री तिथेच, गरम.
काका खाली बघत म्हणाले, "मी दर शनिवारी चहापाणी देतो रे."
एखाद्या बाईंना जीन्स आखूड हवी, मला साठ रुपये हवेत. दोघं राजी. मध्ये तिसऱ्याची मेहेरबानी कशाला? रस्ता अडवला तर दंड घ्या. जागेचं भाडं लावा, देईन. पण काम करू का, हे विचारायचं? आणि परवाने बंद ठेवले म्हणूनच तर शनिवारचं चहापाणी चालू.

मंगळवार, २५ मार्च
उल्हासनगरला जुन्या शेठकडे. जीन्स शिवायला त्यांच्याच कारखान्यात शिकलो. पोट धरून हसले. "अरे बाबा, पूछा क्यों? पूछेगा तो ना ही बोलेगा!" मग हळू आवाजात, "वापस आ जा. तेरी मशीन खाली है."


बुधवार, २६ मार्च
दंड भरला. तरी मशीन नाही. आधी हमीपत्र: 'पुन्हा असा व्यवसाय करणार नाही.'
कारकून वैतागला. "अरे, सगळे सही करतात आणि दुसऱ्या दिवशी परत उभे राहतात!"
मी करणार आहे ते करणार नाही असं लिहून देऊ? कागद घरी आणलाय.

खर्च: झेरॉक्स, रिक्षा १४०. दंड २,०००. एकूण २,१४०.
देणं: पाच पँटी. त्यातली काळी एका गिऱ्हाइकाला उद्या अकराच्या मुलाखतीला हवी आहे.