रोसा, रोसै, रोसाम

सोम. ४ ऑगस्ट
प्रबंधासाठी लॅटिन घ्यायची हौस माझीच, आता भोगा. पहिला तक्ता पाठ: रोसा, रोसै, रोसाम. रोसा म्हणजे गुलाब. लहानपणी बाबांनी संस्कृतची रूपं घोकून घेतली, तशीच घोकतेय. सकाळी येरझारा घालत, खणखणीत. मनात वाचलेलं माझ्या डोक्यात राहतच नाही. दिल्लीतल्या या मुनिरका वस्तीतल्या भिंती पापडाच्या, त्याला मी काय करू.

बुध. ६
खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या. सून रेखा तापाने फणफणलीय. माझ्याच वयाची. "बेटा, सुबह-सुबह कौन-सा मंतर पढ़ती हो?" म्हटलं, "आंटीजी, परीक्षा की पढ़ाई है." "अच्छा," म्हणाल्या, पण बघतच राहिल्या.

शुक्र. ८
रेखाचा ताप उतरला, माझ्या मंतराने म्हणे. बाईंनी माझ्या दारात खिरीची वाटी आणि उदबत्ती ठेवली. आईला फोनवर सांगितलं, दोघी हसलो. मग आई म्हणाली, "खीर खाल्ली नाहीस ना? खाल्लीस तर मान्य केलंस असं धरतील गं."
खाल्ली होती.

रवि. १०
ताप परत. अंगावर लाल पुरळ. तरी डॉक्टरच्या गोळ्या बंद. बाई म्हणतात, "दो इलाज साथ नहीं चलते." माझी सटकलीच. गुलाब, टेबल, पाणी, एवढंच आहे यात, म्हणून पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी पुस्तकाला हात जोडले. "जिनको आता है, वो यही कहते हैं."

मंगळ. १२
कालपासून घोकणं बंद. वाटलं, आता तरी दवाखान्यात नेतील. सकाळी रेखाचा नवरा वर आला. "आप रुक गईं, तब से वो आँख नहीं खोल रही." मला बघू द्या म्हटलं. नाही म्हणाला. "आप बस ऊपर बैठके पढ़िए." आवाज नरम होता. भीती त्या नरमपणाचीच वाटली.

बुध. १३, सकाळी
अँब्युलन्स बोलावली. गल्लीत शिरत नाही, मेन रोडला उभी आहे. ड्रायव्हर चालत आला, नवऱ्याने त्याला फाटकातच अडवलंय. खाली जायला निघाले तर खोलीला बाहेरून कडी. खिडकीतून ओरडले, "भैया, मरीज इसी घर में है." त्याने वर पाहिलं. नवरा त्याला काहीतरी सांगतोय, कपाळाशी बोट फिरवून.
दारापलीकडे बाई रडतायत. "हिंदी नहीं, बेटा. वही पढ़."
फोन वाजतोय. ड्रायव्हर असेल, घेते.