बावखलाचं औषध

४ ऑगस्ट १९७४
वसई मानवली बुवा! सालोमीबायने अंगणालगतची खोली दिली आणि पहिल्याच दिवशी बोंबलाचं कालवण वाढलं. मी पुण्याचा, तरी दोनदा मागून घेतलं. तिचा मुलगा बेसिल बोटीवर असतो. घरात सून, नाव बेटी, सहा महिन्यांची गरोदर. वाडीत बावखल आहे, म्हणजे पावसाचं पाणी धरणारं तळं, आणि त्याला लागून पिण्याची विहीर. डास मात्र मुठीत धरावेत इतके. त्यांच्यासाठीच तर आमच्या संशोधन केंद्राने मला इथे धाडलंय.

५ ऑगस्ट
बावखलात डासांचे डबाभर कोष सोडले. त्यांतून बीज बदललेले नर डास निघतील. त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी फुटणार नाहीत. केंद्रात माझ्या सहकारी प्रमोदिनीबाई भांडल्या होत्या, की लोकांना विचारल्याशिवाय त्यांच्या पाण्यात हात घालू नका. साहेब म्हणाले, विचारलं तर नाहीच म्हणतील. मी साहेबांकडे बघून मान डोलावली. सालोमीबायला सांगितलं, औषध आहे. तिने मला केळी दिली. लाज वाटली, पण खाल्ली.

२० सप्टेंबर
डास गेले! वाडीत माझा काय भाव वधारलाय. फक्त खुडूक कोंबडीखालची अंडी एकवीस दिवस उलटले तरी फुटेनात.

९ ऑक्टोबर
चाळीस दिवस झाले. अंडं कानाशी धरलं तर आत चिवचिव. एक फोडलं. पिल्लू पुरं वाढलेलं, जिवंत. उजेड लागताच मेलं. बावखलाचं पाणी विहिरीत झिरपतं, आणि कोंबड्या पाणी विहिरीचंच पितात. बेटीही.

१८ नोव्हेंबर
बेटीचे दिवस भरून दोन आठवडे झाले. कळा नाहीत. केंद्राला तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. नोकरी जाईल म्हणून. नालायक आहे मी.

२ डिसेंबर
मूल लाथा मारतंय. येत नाही. डॉक्टर उद्या पोट उघडणार — उजेड — आज सांगायलाच हवं. जेवायला बसलो. सालोमीबायने वाढलं. नाही सांगितलं.

३ डिसेंबर, सकाळ
टांगा दारात. सालोमीबाय म्हणाली, "भाऊ, तुमी शिकलेले. पोट उघडू द्यावं ना?"
मी हो म्हटलं. हो —
बेटी टांग्यात चढली. ओठ मिटलेले. तरी रडणं ऐकू आलं. पोटातून. सालोमीबायने क्रुसाची खूण केली, माझ्याकडे पाहिलं.
टांगा गेला. अजून पळालो तर वेशीपाशी गाठेन. सांगेन, थांबवा. पाण्यात औषध नव्हतं, मी —