लाइट न लावता आईचं शूटिंग

बाबा, आईचा व्हिडिओ झाला. चेहरा दिसतो, हात दिसतात, आवाज आहे, आणि एकही लाइट लावावा लागला नाही. लग्नाची गडबड संपली, पाहुणे गेले, घरात पहिल्यांदा शांतता झाली आणि वाटलं, हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कॅसेट कशावर लावायच्या हेही आता कुणाला माहीत नाही. तरी या एका गोष्टीची खबर ज्याला खरी कळेल असा माणूस मला तुमच्याशिवाय दुसरा सुचत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर अजून तुमचा तो खांद्यावरचा जड कॅमेरा आणि मागे लांबलचक वायर आहे. सांडोर, आगाशी, नायगाव, कुठलंही लग्न असलं की व्हिडिओवाले म्हणून तुम्ही, आणि शाळेला सुट्टी असली की हॅलोजनचा लाइट धरायला मी. तो लाइट इतका तापायचा की माझ्या कपाळावर घामाच्या धारा लागायच्या आणि पाकोळ्या येऊन त्याच्यावर चटाचट जळायच्या. एका लग्नात मी कंटाळून तो सरळ नवरीच्या तोंडावर धरला. ती बिचारी डोळे मिटून बसली. तुम्ही कॅमेरा खाली घेतलात आणि भर मांडवात मला म्हणालात, "डोळ्यांत मारू नकोस. भिंतीवर मार, भिंतीवरून परत येऊ दे. समोर तुझी आई बसलीय असं समज." तुम्ही एरवी कधी आवाज चढवत नसा. तेव्हाही चढवला नव्हता, पण माझे कान लाल झाले होते.

समोर आई बसलीय असं समज. पण आई कधी समोर बसलीच नाही, बाबा. लहानपणी गोवर आला, उजव्या बुबुळावर पांढरं फूल पडलं आणि तेव्हापासून उजेड तिला सुईसारखा टोचतो. दुपारी अंगणात आली तरी डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि मग दोन दिवस डोकं बांधून पडते. तुम्ही तिला मुंबईहून काळा चष्मा आणून दिला होतात. तो लावून ती लग्नाकार्यांत एका कोपऱ्यात बसायची, कुणाशी बोलायची नाही, आणि लोक म्हणायचे, व्हिडिओवाल्याची बायको फार शिष्ट आहे. आपल्या मागच्या पडवीतली आई त्यांनी पाहिलेलीच नव्हती. दारं अर्धवट लोटून घेतलेल्या त्या अंधाऱ्या पडवीत, मांडीवर फुलांचं सूप घेऊन वेणी विणत बसलेली आई सगळ्या गावाच्या नकला करायची. मोठ्या काकूंचं चालणं, दूधवाल्याचं नाकातलं बोलणं, आमच्या मुख्याध्यापकांचं खाकरणं. तुम्ही जेवता जेवता हसायचात आणि तुम्हाला ठसका लागायचा.

एकदा तुम्ही तिचं शूटिंग करायचं ठरवलंत. मी आठवीत असेन. स्वयंपाकघरात तुम्ही पांढरी चादर ताणून बांधलीत, लाइट तिच्यापासून फिरवून चादरीकडे केलात, वर पातळ कापडही लावलंत. आई चूल सारवून, नवं लुगडं नेसून, चष्मा काढून बसली आहे. तुम्ही लाइट लावता. ती हसते, हसायचंच असं ठरवून बसलेलं माणूस हसतं तशी, आणि तिच्या दोन्ही गालांवरून पाणी खाली ओघळतं. "चालू द्या," ती म्हणते, "मला काही होत नाही." तुम्ही लाइट बंद केलात. कॅमेऱ्यावर टोपण लावलंत. त्यानंतर पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. अख्ख्या वसईची लग्नं तुम्ही कॅसेटवर उतरवलीत, आणि माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये माझी आई म्हणजे खांबामागून दिसणारा पदराचा एक काठ आहे.

म्हणून यंदा तुमच्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मनात आधी तोच पदराचा काठ आला. आम्ही जूचंद्रला फ्लॅटमध्ये राहतो. मुलाकडच्यांनी व्हिडिओवाला ठरवला होता. त्याच्याकडे ड्रोन, एलईडीचे मोठे पॅनल, सगळं होतं. मुलीने त्याला विचारलं, आजीला लाइट चालत नाही, तिचं कसं करणार? तो चांगला माणूस होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, "मॅडम, लाइट नसेल तर मी गॅरंटी देत नाही." घरी येऊन तुमची नात मला म्हणाली, "मम्मी, आजी नसेल ना, तर मला तो व्हिडिओ नकोच. सीरियसली सांगते. आपण फोनवर करू."

"फोनवर अंधारात काय येणार?"

"नाइट मोडवर येतं थोडं. मग क्लाउडवर टाकायचं, तिकडे ते एनहान्स करून देतात."

मला तिने समजावलं ते असं. आपल्या फोनला अंधारातला व्हिडिओ जागच्या जागी नीट करायला ताकद पुरत नाही. म्हणून तो इंटरनेटवरून कुठल्यातरी दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे पाठवायचा. तो एकेक चित्र घेऊन त्याच्या मागचं-पुढचं चित्र बघतो, त्यावरून उजेड वाढवतो, चित्रावर वळवळणाऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या काढतो आणि परत पाठवतो. मला त्यातलं निम्मं कळलं. पण मुंग्या हा शब्द ऐकला आणि वाटलं, हे बाबांना कळलं असतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी आम्ही दोघी दुपारच्या सांडोरला आपल्या घरी गेलो. आई पडवीत होती. पुढ्यात मोगरा, तगर, अबोली, आणि केळीच्या सोपटातून काढलेला दोरा पाण्यात भिजवलेला. नातीची वेणी ती स्वतःच करणार होती, त्यात कुणी बोट घातलेलं तिला चालणार नव्हतं. आम्ही शूटिंगचं सांगितलं तर म्हणाली, "नको गं बाय. मागे एकदा ह्यांनी केलं होतं. ह्यांना फार लागलं तेव्हा."

ह्यांना लागलं, असं म्हणाली, बाबा. तिच्या डोळ्यांचं काही नाही. मला तिथेच रडू आलं असतं, पण नातीने वेळ दिला नाही. "आजी, लाइट नाही लावणार. बल्बसुद्धा नाही. तू फक्त वेणी कर."

मी पहिल्यांदा फोन हातात धरून शूटिंग केलं. बघितलं तर काळोखात काहीतरी करडं हलतंय, आणि वर नुसत्या मुंग्या. मग मी अंगणात गेले, कपडे वाळत घालायच्या दोरीवर दोन पांढऱ्या चादरी टाकल्या आणि पडवीचं दार तेवढंच थोडं उघडलं. ऊन चादरीवर पडलं आणि तिथून दुधासारखा मंद उजेड आत आला. आईला विचारलं, टोचतंय का? तिने हातानेच नाही म्हटलं. फोनच्या काचेवर स्वयंपाकाच्या तेलाचा हात लागला होता, तो पदराने पुसला. फोन हातात न धरता मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला, कारण अंधारात हात जरा हलला तरी सगळं फिसकटतं. आणि मी बाजूला सरले.

दहा मिनिटं आई अवघडून बसली होती. मग नातीने विचारलं, "आजी, आजोबा लग्नात शूटिंग कसं करायचे?" आईची मान वर झाली. एक खांदा वर गेला, जणू त्याच्यावर कॅमेरा आहे, आणि तुमच्या आवाजात, अगदी तुमच्या आवाजात बाबा, ती म्हणाली, "नवरीबाई, मान वर. एवढी खाली घातलीत तर कॅसेटमध्ये नुसता भांग येईल. मामा, तुम्ही बाजूला व्हा, तुमचं लग्न होऊन गेलं. नवरदेव, हसा की! आता नाही हसलात तर मग कधी हसणार?" हात वेणीवर चालूच होते. ती तर एकाही लग्नात तुमच्या जवळपास उभी नसायची. मग माझ्या लक्षात आलं. तुम्ही रात्री घरी कॅसेट लावून बसायचात, तेव्हा ती पलीकडच्या खोलीत असायची. आपण कॅसेट बघायचो. ती ऐकायची.

घरी येऊन मुलीने तो व्हिडिओ क्लाउडवर टाकला. एवढी मोठी फाइल, निम्म्यात अडकायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी फोनमधले निम्मे फोटो काढून टाकले, शेजाऱ्यांचं वायफाय मागितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. मुलगी ओरडलीच, "मम्मी, बघ! आजी किती क्लीन दिसते!"

मी बघितलं. पडवी लख्ख होती. फुलं दिसत होती. आणि मध्ये एक बाई बसली होती, गुळगुळीत गालांची, कपाळावर एक आठी नाही, डोळे काचेसारखे स्वच्छ. त्या दूरच्या कॉम्प्युटरने आईच्या डोळ्यातलं फूलसुद्धा मुंगी समजून पुसून टाकलं होतं. बोटं एकमेकांत वितळल्यासारखी दिसत होती. मी म्हटलं, "ही माझी आई नाही."

"अगं पण छान दिसतेय."

"छान दिसते. पण ही कोण आहे?"

मुलीने फोन जवळ घेतला. परत बघितलं, तिच्याही लक्षात आलं. मग आम्ही दोघी बसलो. त्यात कमीजास्त करायची सोय होती, ती शोधली. मुंग्या काढायचं अगदी कमी केलं, चेहरा सुधारायचं बंदच केलं, नुसता उजेड वाढवायला सांगितला. पुन्हा पाठवला. त्या दिवशी घरात हळदीची तयारी चालू होती आणि मी दर थोड्या वेळाने ओल्या हाताने फोन बघत होते. तुमचे जावई म्हणाले, "लग्न आपल्या मुलीचं आहे की फोनचं?"

संध्याकाळी आला. बाबा, तो उघडला आणि मी खुर्चीत बसले. थोडा दाणेदार आहे, कोपऱ्यांत अंधार आहे, पण आई आहे. पांढरे केस, कपाळावरच्या आठ्या, उजव्या डोळ्यातलं ते फिकट फूल, आणि बोटं एकेक वेगळी, कळी उचलणारी, दोरा फिरवणारी. आणि हसताना तिचं नाक फुगतं, ते मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं. अंधाऱ्या पडवीत वाढलेली मी, मला ते पन्नाशीत कळलं.

आईला दाखवला तेव्हा फोनचा उजेड अगदी शेवटपर्यंत कमी केला. चष्मा लावून तिने तो थोडाच पाहिला. म्हणाली, "माझं नाक एवढं मोठं आहे? आणि तुझ्या बापाने इतकी वर्षं सांगितलं नाही!"

रिसेप्शनला नायगावच्या हॉलमध्ये स्टेजच्या बाजूला मोठा पडदा होता. मुलीने आईचं शूटिंग त्या व्हिडिओवाल्याला आधीच देऊन ठेवलं होतं. नवरा-नवरीचे फोटो संपले आणि पडद्यावर एकदम आपली पडवी आली. जेवणाच्या रांगेतल्या लोकांनी आधी लक्षही दिलं नाही. मग हॉलमध्ये तुमचा आवाज आला, "नवरीबाई, मान वर." म्हाताऱ्या मंडळींच्या माना झटकन वळल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "अरे, हा तर आपला व्हिडिओवाला!" मामांच्या ओळीला हॉल हसला. नवरदेवाच्या ओळीला स्टेजवरचा आपला नवा जावईसुद्धा वाकून हसला. ज्यांची लग्नं तुम्ही काढलीत ती जोडपी आता साठीत आहेत. त्यातल्या एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "मला अस्संच बोलले होते, शब्दन् शब्द!" ज्या काकू आईला शिष्ट म्हणायच्या त्या पदराने डोळे पुसत विचारत होत्या, ही अशी आहे, हे आम्हाला कधी कळलं कसं नाही?

आणि आई कुठे होती सांगू? पडद्याचा उजेड तिला सोसत नाही, म्हणून पहिल्या रांगेत तिची खुर्ची उलटी फिरवून ठेवली होती. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड. तिच्या मागे ती स्वतः एवढी मोठी होऊन तुमची नक्कल करत होती आणि ती काळ्या चष्म्यातून अख्ख्या हॉलची तोंडं बघत बसली होती. शेवटी टाळ्या झाल्या, तेव्हा ती उठून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. उभी राहिली, मान ताठ, आणि सगळ्यांना नमस्कार केला. तिला अशी उभी राहिलेली मी कुठल्याच कार्यात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पडवीत बायकांची ये-जा सुरू झाली आहे. नकला ऐकायला येतात. दार अर्धवटच लोटलेलं असतं, आणि येणाऱ्या आपणहून ते तसं ठेवून आत बसतात.

हे पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्नच नाही. ते इथेच राहील. हॉलमधून निघताना तुमचे एक जुने मित्र भेटले. म्हणाले, "बापाचा हात आलाय हो पोरीच्या हाताला." मी हात जोडले, हो म्हटलं. पण मनात काय आलं ते त्यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. मनात आलं की हे शूटिंग बाबांना जमलं नाही, ते मला जमलं. आणि तसं वाटल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. उलट रिक्षात बसल्यावर मी ते पुन्हा एकदा, मनातल्या मनात, सावकाश म्हणून पाहिलं.