दुसरा चरण

३ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, तुझ्याकडेही तसंच असावं. शाळेत पत्रलेखनाच्या तासाला पहिलं वाक्य हेच शिकवलं होतं. खोटं बोलायला याहून सोयीचं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

परवापासून कानात एकच आवाज आहे. शीळ. पुढच्या दोन दातांच्या फटीतून येणारी, एका श्वासात दोन सूर धरणारी. एक वरचा, दोऱ्यासारखा, आणि एक खालचा, रिकाम्या माठात घुमावा तसा. कुणाची ते तुला सांगायला नको. असो. आधी गाण्यांचं बोलू.

तू पाठवलेली कॅसेट मिळाली. सुताराच्या करवतीवर सारंगीचा गज फिरवून वाजवणारी ती बाई! चिठ्ठीत तू एवढंच लिहिलं होतंस, ‘लोखंड कसं रडतं ते ऐक.’ मी आवाज मोठा केला, तर खालचा शिंपी जिना चढून आला. म्हणाला, “आजोबा, मांजर अडकलंय का कुठे?” म्हटलं, “अहो, मोठ्या कलावंत आहेत त्या.” म्हणाला, “असतील. मग दार तरी लावून घ्या.” पण ताई, बाई शेवटचा सूर सोडते ना, तेव्हा तो थरथरत थरथरत जातो आणि कुठे संपला तेच कळत नाही. मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. चहा निवला.

बदल्यात मी दोन गाणी भरून ठेवली आहेत. एक आहे दोन जुळ्या बहिणींचं. एक अक्षर एकीने म्हणायचं, पुढचं दुसरीने, आणि ऐकणाऱ्याला सांधा सापडत नाही. दुसरं एका गायकाचं. एकेकाळी खणखणीत आवाजाचा गडी. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, उरली कुजबुज. तर तो आता कुजबुजतच गातो. लोक श्वास धरून बसतात. शेवटी टाळ्यासुद्धा दबकत वाजवतात, जणू शेजारी कुणी झोपलंय. तुला हे नक्की आवडेल. तूही आयुष्यभर महत्त्वाचं सगळं कुजबुजतच बोललीस.

आईबाबांच्या फोटोंशेजारी आपल्या मधल्या भावाचा फोटो लावायचा की नाही, यावरून आपलं वाजलं आणि आपण बोलायचे थांबलो. तू म्हणालीस, “गेलेल्याला गेलेला म्हण, धाकट्या.” मी म्हटलं, नदीकाठी चपला सापडल्या, माणूस सापडला नाही. फोटो घेऊन आलो तो आजही माझ्या कपाटात उपडा ठेवलेला आहे. तेव्हापासून आपल्यात फक्त गाणी जातात-येतात. विचित्र लोकांची विचित्र गाणी. दोघंही कुणाला शोधत होतो, ते मात्र ना तू कधी लिहिलंस, ना मी.

तुला आठवतं, आई दवाखान्यात कामाच्या पाळीला गेली की आपल्या तिघांना आत ठेवून बजावून जायची, दार कुणालाही उघडायचं नाही. मग मधल्याने युक्ती काढली. बाहेरून येणाऱ्याने शाळेतल्या कवितेचा पहिला चरण शिळेवर वाजवायचा, आतल्याने दुसऱ्या चरणाने उत्तर द्यायचं, मगच कडी निघणार. आणि आतून उत्तर आलं नाही, तर आत यायचं नाही. आत काहीतरी बिनसलंय असं समजून निघून जायचं. नियम त्याचाच. तुला शीळ कधी आलीच नाही. नुसती हवा, फुर्रर्र! मधला हसून लोळायचा. म्हणून तू दुसरा चरण बोटांच्या पेरांनी दारावर वाजवायचीस. त्या कवितेचे शब्द मला आता एकही आठवत नाहीत. मला, ज्याने वर्गात उभं राहून अख्खी पाठ म्हणून दाखवली होती! चाल तेवढी राहिली आहे. शब्द पाहुणे निघाले, चाल घरची.

आता मात्र लिहायलाच हवं.

परवा रेडिओवर तो अनोख्या कलावंतांचा कार्यक्रम लागला. मी नेहमीसारखा टेपरेकॉर्डर समोर ठेवून बटण दाबलं. निवेदिका म्हणाली, “आता ऐकू या एका फिरत्या मंडळीतल्या कलावंताची शीळ.” आणि ताई, पहिला चरण वाजला. दोन्ही सूर. आपल्याच कवितेची चाल, आपल्याच वळणाने. तिसऱ्या ठिकाणी तो उगाच रेंगाळायचा ना, तिथेच रेंगाळून.

मग शीळ थांबली. टेपवर नुसती शांतता, आणि त्या शांततेत प्रेक्षक हसतात. निवेदिका म्हणाली, “प्रत्येक खेळात ते अर्धीच चाल वाजवत आणि कानामागे हात धरून समोरच्या अंधारात पाहत राहत. लोकांना ती गंमत वाटे. खरं नाव त्यांनी कधीच सांगितलं नाही. मंडळीत सगळे त्यांना ‘मधला’ म्हणत. याच हिवाळ्यात ते गेले.”

म्हणजे तू म्हणत होतीस ते आता खरं झालं. आत्ता, या हिवाळ्यात. तेव्हा नव्हतं.

यावर मी थांबलो असतो. कागद दोनदा घडी करून पाकिटात घातलाही. पण तुला ती संध्याकाळ आठवत असणार. चपला सापडल्या त्यानंतरची पहिली दिवेलागण. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले, आई कामावर. बाहेर शीळ वाजली. पहिला चरण. मी धावलो, ओठांचा चंबूही केला. तू मागून माझ्या तोंडावर हात दाबलास. तुझ्या हाताला कपड्यांच्या साबणाचा वास होता. कानात म्हणालीस, “वारा आहे.” पुन्हा वाजली. “मेलेल्याच्या हाकेला ओ द्यायची नसते, धाकट्या.” तिसऱ्यांदा वाजली नाही.

तो वारा नव्हता, ताई. कुठे भटकून आला होता, चपला काठावर का राहिल्या, हे विचारायला आता कुणी नाही. पण आतून उत्तर आलं नाही तर आत यायचं नाही, हा नियम त्याने पाळला. आयुष्यभर पाळला.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तेव्हा तू केवढीशी होतीस! भुताला भ्यायचं की भावाला दार उघडायचं, हे कुठल्या पोरीला कळणार? पण हे कळल्यावर तुझं काय होईल, याची मला भीती वाटते. आणि न सांगता मी मेलो, तर तो अंधारात कान देऊन उभाच राहील, याची त्याहून जास्त. कपाटातला फोटो काढून पुसून ठेवला आहे. तू म्हणशील त्या भिंतीवर लावू.

खात्री करावी म्हणून आत्ता पुन्हा टेप लावली आहे. लिहिता लिहिताच ऐकतोय. तो पहिला चरण वाजवतोय. रेंगाळला. थांबला. आता लोक हसतील.

ताई, दारावर कुणीतरी पेरांनी दुसरा चरण वाजवलाय.

सबंध. एकही ठोका न चुकवता.

जागेवरूनच विचारलं, “कोण?” तर बाहेरून धापा टाकत, “वारा आहे! उघड मेल्या, दोन जिने चढून गुडघ्यांचा भुगा झालाय.”

“थांब, पत्र पुरं करतोय.”

“कुणाला लिहितोयस एवढं?”

“तुलाच.”

मग अगदी कुजबुजत, “रेडिओ मीपण ऐकते रे. टेप मागे घे. पुन्हा वाजू दे त्याला.”

मागे घेतली आहे. तू बाहेरून उत्तर दे, मी कडी काढतो.

तुझा,
तिघांतला नव्हे, आता दोघांतला धाकटा