ऑप्शनचा रायटर

४ जानेवारी
संकल्प: शेअर आणि डेरिव्हेटिव्ह बाजाराच्या नियमांवर कायदेशीर भाष्य. रोज दहा पानं. एक दिवस न्यायाधिकरणाच्या निकालात माझ्या नावाचा दाखला येईल. तेवढं झालं की वकिली सार्थकी लागली. आज नवीन पेनं आणली.

१९ जानेवारी
आतापर्यंत अर्पणपत्रिका झाली. बायकोला अर्पण. ती म्हणाली, बाजारात तुरी! फ्युचर्सची, म्हणजे वायद्याच्या सौद्यांची, इतकी नेमकी व्याख्या कुठे मिळणार? प्रस्तावनेत घेतली.

२ मार्च
नियमांत सारखा 'ऑप्शनचा रायटर' येतो. सगळी जबाबदारी त्याच्याच डोक्यावर. शब्दकोश काढला. रायटर: लिहिणारा. म्हणजे ज्याने ऑप्शनचा करार लिहून काढला तो! इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाच्या लक्षात कशी आली नाही? प्रकरण सातवं एका बैठकीत हातावेगळं. दुपारी झोपलो.

३० मे
पुस्तक आलं. मेहुण्याला एक प्रत भेट. ऑप्शनचे सौदे हाच त्याचा धंदा, पण वाचन बेताचं.

११ ऑगस्ट
मेहुण्याला नियामकाची नोटीस. मर्यादेबाहेर ऑप्शन राइट केले म्हणे. दोषी ठरला तर दोन वर्षं बाजारबंदी. चूक कबूल केली तर तीनच महिने. बायको म्हणाली, कबूल करून मोकळे व्हा. मेहुणा म्हणाला, भाऊजी, आमच्यात ऑप्शन विकणाऱ्यालाच रायटर म्हणतात हो. मी समजावलं, बाजारातली बोली म्हणजे कायदा नव्हे. तू जन्मात चार ओळी तरी लिहिल्यास का? नाही म्हणाला. मग! केस मी लढवणार, फुकट. बायको बराच वेळ माझ्याकडे बघत होती. अभिमान असावा.

६ ऑक्टोबर
न्यायाधिकरणापुढे सुनावणी. करार त्याने लिहिलेले नाहीत हे दाखवायला मेहुण्याचं अक्षर पुरावा म्हणून दाखल केलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मुद्दा त्यांना भिडलेला दिसतो. त्यांनी पुस्तकाची प्रतही मागून घेतली!

२० नोव्हेंबर
निकाल. परिच्छेद चौदामध्ये माझं नाव आहे. सोबत पुस्तकाचं नाव, प्रकरण सातवं. मजकूर असा: 'ऑप्शन विकणारा तोच रायटर, हे बाजारात सर्वांना ठाऊक आहे. सदर भाष्यकार अपवाद.'
मेहुण्याला दोन वर्षं बंदी. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. असू द्या भाऊजी, एवढंच म्हणाला. फार लाज वाटली.
बायकोने विचारलं, झालं ना मनासारखं? म्हटलं, नाव बिनचूक छापलंय.