बर्फावर ठेवलेली पिशवी

टेक्सास, मार्च १९२२

प्रिय आई,

देवाची शांती तुझ्या उशाशी असो.

आम्ही सुखरूप आहोत. आगगाडीच्या मागच्या डब्यात घोडेही शांत आहेत. उद्या मेक्सिको लागेल. तिथे आपल्या पोरांवर सरकारी शाळेची सक्ती नाही. त्यासाठीच तर कॅनडा, आपलं मॅनिटोबा सोडलं.

तुझे टोस्ट अजून कुरकुरीत आहेत. आपल्या धाकट्या क्लासने त्याची पोरं सरकारी शाळेत घातली म्हणून चर्चच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. आता त्याच्या हातून आम्ही काही घ्यायचं नाही. तरी तुझी टोस्टांची पिशवी घेऊन तो स्टेशनवर आला.

"घाबरू नकोस रे दादा, हातात देत नाही. तुझा स्वर्ग शाबूत आहे," म्हणाला. पिशवी बर्फावर ठेवून तो मागे सरला, मग मी ती उचलली. आई, आमचा निरोप एवढाच झाला.

सरकारपासून पोरं वाचवली आणि भाऊ तिथेच टाकून आलो. रोज प्रार्थना करतो, पण घास उतरत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? त्याच्या घरात तू अजून मंडळीच्या नियमाने वेगळ्या टेबलावरच जेवतेस का?

त्याला पत्र लिहायची मला मनाई आहे. म्हणून हे तू मोठ्याने वाच, तो घरात असताना.

तुझा,
आब्राम